सोलापुरात बसून परदेशी विद्यार्थ्यांशी ओळख कशी वाढवायची

कॉलेजातला 'कल्चरल एक्स्चेंज' बघितलाय का कधी? पुण्याहून पाच-सहा परदेशी पोरं-पोरी गाडीत घालून आणायच्या, उतरल्या उतरल्या फेटे बांधायचे, मग दीपप्रज्वलन, मग लेझीम, मग पाहुण्यांचं भाषण जे त्यातल्या एकालाही कळत नाही, मग ग्रुप फोटो, पुरणपोळी आणि संध्याकाळी परत रवाना. माझं या कार्यक्रमाशी भांडण नाही, फोटो छान येतात. पण आठ दिवसांनी त्यातल्या एकाचं तरी नाव कोणाला सांगता येतंय का विचारून बघा.

ओळख होते ती काहीतरी बारीकसं काम दोघांनी मिळून केल्यावर, आणि ते परत परत केल्यावर. संस्कृती दाखवायला गेलं की समोरचा प्रेक्षक होतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं या 'परत परत' कसं जमवायचं याबद्दल आहे.

आणि सोलापूरकरांना हे खरं तर शिकवायला नको. शाळेत शेजारच्या बाकावर पूर्व भागातला तेलुगू घरातला पोरगा, मागे कन्नड बोलणारी, पुढे उर्दू बोलणारा, आणि आपण सगळ्यांशी कुठल्यातरी मिक्स भाषेत भांडत मोठं झालो. तेलुगू घरातली बतुकम्मा, म्हणजे त्यांचा फुलांचा सण, बघायला कोणी निमंत्रणपत्रिका पाठवली नव्हती, वही आणायला गेलो आणि अंगणात फुलं रचताना दिसली, मग थांबलो. परदेशातल्या माणसाबरोबर पण एवढंच करायचंय, फक्त वही आणायला जायचं काहीतरी निमित्त तयार करावं लागतंय.

माणूस सापडणार कुठे

इथेच बरेच जण अडकतात, की बाबा आपल्या सोलापुरात फॉरेनर आहेत कुठे. बरोबर आहे, पुण्यासारखं नाही. पण पहिला शोध घराजवळच घ्या. तुमच्या गल्लीतलं, नात्यातलं, क्लासमधलं कोणीतरी एमबीबीएसला रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान नाहीतर फिलिपिन्सला गेलेलं असतंच. त्याच्या वर्गात, होस्टेलवर तिथली आणि इतर देशातली पोरं आहेत. त्याला सांगा की तुझ्या ओळखीतला एक जण दे ज्याला गप्पा मारायला आवडतंय, दहा जणांचा ग्रुप नको, एकच. मध्ये ओळखीचा माणूस असला की समोरच्यालाही भरवसा वाटतो, आणि ऑनलाइन अनोळखी माणसाबरोबर जी धाकधूक असते ती निम्मी कमी होते.

दुसरं म्हणजे पुणे. १९७१ साली सिंबायोसिस सुरू झाली तीच मुळी परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी बघून, आणि आजही आफ्रिका, आखाती देश, अफगाणिस्तान, नेपाळ अशा ठिकाणची भरपूर पोरं पुण्यात शिकतायत, त्यातली काही आयसीसीआरच्या, म्हणजे परदेशांशी सांस्कृतिक संबंध बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, स्कॉलरशिपवर आलेली. तुमचा कोणी मित्र पुण्यात होस्टेलला असेल तर त्याच्या मेसमध्ये नाहीतर लायब्ररीत एखादा परदेशी विद्यार्थी ओळखीचा असणारच. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापुरातून निघते आणि संध्याकाळी पुण्याहून परत येते, म्हणजे एका दिवसात जाऊन भेटून येता येतं. पहिल्याच भेटीत प्रेमाने सोलापूरला ओढत आणू नका. आधी त्यांच्या जागेवर जा, चहा प्या, त्यांचं काही काम असेल तर बरोबर जा. परदेशी विद्यार्थ्याची भारतातली निम्मी शक्ती सिमकार्ड, भाडेकरार, बँक आणि रिक्षावाला यातच जाते. अशा एखाद्या कामात बरोबर उभं राहिलात तर त्यातून जी ओळख होते ती चार कार्यक्रमांत होत नाही.

शाळा-ज्युनियर कॉलेजच्या वयाच्यांसाठी रोटरीचा यूथ एक्स्चेंज आहे, १५ ते १९ वयाच्या मुलांना दुसऱ्या देशात तिथल्या कुटुंबात राहायला पाठवतात, लांबचा प्रोग्राम जवळजवळ शाळेच्या एका वर्षाचा असतो. तुम्हाला जायचं नसलं तरी गावातल्या रोटरी क्लबला विचारा की बाहेरचं कोणी इकडे येणार आहे का, आलेल्या मुलाला आठवडाभर घरच्यांखेरीज आपल्या वयाचं कोणीतरी हवंच असतं.

ऑनलाइनला टँडम, हॅलोटॉक अशी अ‍ॅप आहेत, तुम्ही मला तुमची भाषा शिकवा मी तुम्हाला माझी, असा व्यवहार. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, मराठी शिकायची म्हणून तिथे रांग लागलेली नसते. प्रोफाइलमध्ये हिंदी आणि इंग्लिश येतंय असं टाका, हिंदी शिकणारे सापडतात, आणि ओळख झाली की मराठी आपोआप शिरते. स्क्रीनचा कंटाळा असेल तर पोस्टक्रॉसिंग आहे, २००५ ला पोर्तुगालमधून सुरू झालेलं, तुम्ही कुठल्यातरी देशातल्या अनोळखी माणसाला पोस्टकार्ड पाठवायचं आणि तुम्हाला तिसऱ्याच कोणाचं तरी येतं. त्यातून दोस्ती क्वचित होते हे खरं, पण पाच ओळीत स्वतःबद्दल काय लिहावं याची चांगली सवय होते.

शिक्षक असाल तर लांब बघायची गरजच नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, त्यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी पटत नसलेल्या देशांतल्या मुलांना ऑनलाइन जोडून देण्याचा प्रकल्प केला होता. परितेवाडीतून होतंय तर तुमच्या शाळेतून का नाही होणार. फक्त एक वर्ग विरुद्ध एक वर्ग असा कॉल लावू नका, चाळीस पोरं हात हलवतात आणि वेळ संपतो. दोन-दोन, तीन-तीनच्या जोड्या लावा.

पहिला मेसेज

"हाय, हाऊ आर यू, आय अ‍ॅम फ्रॉम इंडिया" याला उत्तर येत नाही, आलं तर "फाइन" येतं आणि पुढे काय हा प्रश्न दोघांनाही. त्यापेक्षा असं काहीतरी लिहा की मी सोलापूरचा, आमच्या गावात चादरी आणि टॉवेल बनतात, आज इथे ४२ डिग्री आहे आणि घरात पन्हं केलंय, तुमच्याकडे उन्हाळ्यात काय पितात? समोरच्याला उत्तर द्यायला एक छोटी जागा ठेवायची, एवढंच. "तुमच्या संस्कृतीबद्दल सांगा" हा प्रश्न मला अजिबात आवडत नाही, तुम्हाला कोणी अचानक विचारला तर तुम्ही तरी काय सांगणार.

नाव नीट विचारून घ्या, दोनदा म्हणून दाखवा, चुकलं तर दुरुस्त करायला सांगा. चीन, कोरिया, व्हिएतनाममध्ये आडनाव आधी येतं, त्यामुळे पहिला शब्द धरून हाक माराल तर कुलकर्णी, कुलकर्णी म्हटल्यासारखं होईल. रशियन माणसाच्या नावात मध्ये वडिलांच्या नावावरून आलेलं नाव असतं, इथिओपियात स्वतःच्या नावापुढे सरळ वडिलांचं नाव लावतात. म्हणजे आपल्या फॉर्मवर असतं ते बरंचसं तसंच, आणि हे सांगितलं की समोरचा खूष होतो कारण त्याला प्रत्येक ठिकाणी आपलं नाव समजावून सांगायचा वैताग आलेला असतो.

इंग्लिश कच्चं आहे म्हणून थांबू नका. बहुतेक वेळा समोरच्याचं पण कच्चंच असतं, आणि दोन कच्च्या इंग्लिशवाल्यांच्या गप्पा एका फाडफाड बोलणाऱ्याबरोबरच्या गप्पांपेक्षा जास्त रंगतात. छोटी वाक्यं, हळू, आणि कळलं नाही तर मान डोलवून "यस यस" करायचं नाही, सरळ परत विचारायचं. आपली ती आडवी हलणारी मान हो आहे का नाही हे बाहेरच्यांना कळत नाही, तेही एकदा सांगून टाका.

वेळेचं गणित

भारी ओळखी इथे तुटतात, म्हणून जरा सविस्तर. जपान आणि कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, बांगलादेश अर्धा तास पुढे, नेपाळ पंधरा मिनिटं पुढे. नायजेरिया साडेचार तास मागे. जर्मनी हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, कारण ते मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतात, आणि त्या आठवड्यात एक कॉल हुकणार हे धरूनच चाला. ब्राझीलचं साओ पाउलो साडेआठ तास मागे, म्हणजे आपली रात्रीची साडेनऊ ही त्यांची दुपारची एक. सुट्टी पण सगळीकडे रविवारीच नसते, नेपाळात शनिवार, बांगलादेश आणि सौदीत शुक्रवार-शनिवार. आपल्या रविवारी सकाळी ढाक्याचा मित्र वर्गात बसलेला असतो आणि आपण इकडे "हा ऑनलाइन का येत नाही" म्हणून फुगून बसतो.

एक वार, एक वेळ ठरवा आणि अर्ध्या तासात संपवा. गप्पा रंगात आल्या तरी संपवा. दोन तासांचा पहिला कॉल झाला की दुसरा कॉल कोणीच लावत नाही, कारण परत दोन तास कुठून आणायचे.

मग करायचं काय त्या अर्ध्या तासात

खेळ सगळ्यात सोपा. सागरगोटे घ्या, नाहीतर पाच गुळगुळीत खडे. कोरियात हाच प्रकार गोंगी नावाने खेळतात, तुर्कस्तानात पण पाच दगडांचा आहे, ब्राझीलमध्ये पण आहे. कॅमेरा खाली वळवायचा आणि एकेक डाव दाखवायचा, बोलायला भाषा फारशी लागतच नाही, आणि कोण लबाडी करतंय हे कुठल्याही भाषेत कळतं. आजीला बोलवा, ती तुमच्यापेक्षा भारी खेळेल.

दुसरं, एकाच दिवशी एकाच गोष्टीचा फोटो. आज सकाळी काय खाल्लं, कॉलेजला जायचा रस्ता, खिडकीतून काय दिसतंय, किलोभर कांद्याचा भाव. नटवलेला फोटो नको, जसं आहे तसं. कांद्याच्या भावावरून शेतीवर, शेतीवरून घरच्या परिस्थितीवर, आणि मग आपोआप खऱ्या गोष्टी निघतात ज्या थेट विचारल्या असत्या तर ऑकवर्ड झालं असतं.

चिनी विद्यार्थी भेटला तर सोलापूरकराच्या हातात एक हुकमी पान आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० सोलापूर, १९३८ ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानशी युद्ध चालू असताना जखमी सैनिकांवर उपचार केले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. त्यांचं चिनी नाव के दिहुआ. त्या मित्राला विचारा हे नाव ऐकलंय का, त्याने नसेल ऐकलं तर आईवडिलांना विचारायला सांगा. आणि तुम्ही भैय्या चौकातल्या स्मारकात जाऊन तिथून व्हिडिओ कॉल करा. आपल्यातले किती जण त्या रस्त्याने रोज जातात आणि आत कधी गेलेले नाहीत, त्या निमित्ताने तुमचंही बघून होईल.

जेवणावर मात्र मी जास्त लिहिणार आहे

कारण इथे सोलापूरचा हात कोणी धरू शकत नाही. ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतली, सुदानमध्ये आजही ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची पातळ भाकरी खातात, किसरा म्हणतात. सुदानी मुलासमोर आपली कडक भाकरी ठेवा आणि पीठ कशाचं ते ओळखायला सांगा. इथिओपियाची इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याची, आंबवलेली, दिसायला मोठ्या घावनासारखी. नायजेरियात सुया म्हणून भाजलेलं मांस मिळतं, त्याच्या मसाल्यात शेंगदाण्याची पेंड कुटून घालतात. म्हणजे शेंगा चटणी त्यांना नवीन वाटणार नाही, फक्त आपण ती मटणाला चोळत नाही. नसेल केलं तर करून बघा.

पण थांबा, शेंगा चटणीचा डबा उघडायच्या आधी अ‍ॅलर्जी विचारा. हे मस्करीत घेऊ नका. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीने माणसाचा श्वास बंद होऊ शकतो आणि जीव जाऊ शकतो, आणि आपल्याकडे तर भाजीत कूट, चटणीत कूट, कोशिंबिरीत कूट, पोळीत पण शेंगा. आईला वेगळं सांगावं लागतं की कूट घालू नको, तिला वाटतं थोडं घातलं तर काय होतंय. थोडं पण नाही.

बाकी काय खात नाहीत तेही आधीच विचारून घ्या, हलाल लागतं का, बीफ, पोर्क, अंडं, उपवास, सगळं एकाच मेसेजमध्ये, जेवायला बसल्यावर नाही. मुस्लिम मित्र असेल आणि रमजान चालू असेल तर संध्याकाळी विजापूर वेशीकडे घेऊन जा, वेगळं काही प्लॅन करायची गरज नाही. आणि दर वेळी तुम्हीच खाऊ घालायचं नाही. एक दिवस त्यांना ओट्यापाशी उभं करा, मंडईत त्यांच्याबरोबर जाऊन सामान शोधा, निम्मं मिळणार नाही, मग त्याच्याऐवजी काय घालायचं यावर वाद घाला. देणारा नेहमी एकच असला की समोरचा पाहुणा राहतो, मित्र होत नाही.

तिखटाचं, घरच्यांना दम देऊन ठेवा. आणि "अजून एक घ्या, घ्या हो" हा आग्रह म्हणजे काय ते पाहुण्याला पण आधी समजावून सांगा, नाहीतर ताट रिकामं ठेवणं म्हणजे भूक आहे असं आपल्याला वाटतं, आणि ताटात टाकणं वाईट म्हणून तो बिचारा सगळं संपवत बसतो, आणि ते चालूच राहतं.

सोलापूरला बोलवायचं असेल तर

एप्रिल-मे मध्ये नको, उन्हाने आजारी पडतील. डिसेंबर-जानेवारी बेस्ट. शेतात हुरडा, आणि संक्रांतीला गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वर यात्रा. यात्रेचे मानाचे सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम, हे गर्दीत उभं राहून बघण्यासारखं आहे, पण गर्दी किती असते ते आधी सांगा आणि हरवलो तर कुठे भेटायचं ते ठरवून ठेवा. सगळं समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका, त्यांनी विचारलं तेवढंच सांगा. आणि लोक सेल्फी मागायला येणार, येणारच. मित्राला आधी विचारून ठेवा चालेल का, नको म्हणाला तर तुम्ही मध्ये उभे राहून लोकांना नाही म्हणा, ते काम त्याच्यावर टाकू नका.

घरी मुक्काम असेल तर कागदाचं एक काम आहे जे कोणालाच माहीत नसतं. परदेशी नागरिक राहायला आला की ज्याच्याकडे राहतोय त्याने २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची असते, हॉटेलवाले ज्याला सी फॉर्म म्हणतात ते. घरच्यांनाही लागू आहे. पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो आधीच मागवून ठेवा.

भेट द्यायची तर सोलापुरी चादर द्यावीशी वाटणारच, पण विमानाच्या बॅगेत तिचं वजन बघा. इथलाच टॉवेल नाहीतर नॅपकिनचा सेट द्या, वापरला जातो. कडक भाकरी टिकते, होस्टेलवर न्यायला एकदम बरोबर.

काही गोष्टी स्पष्टच बोलते. आफ्रिकेत ५४ देश आहेत, दिसला की "नायजेरियन का" विचारू नका. केसांना हात लावायचा नाही, रंगावरून जोक करायचा नाही, प्रेमाने पण नाही. ईशान्य भारतातल्या पोरांना चिनी समजून इंग्लिशमध्ये सुरू होणाऱ्यांनी तर आधी घरचा नकाशा बघावा. पगार, जात-धर्म, लग्न का नाही केलं, हे आपले नेहमीचे प्रश्न पहिल्या महिन्यात गिळा. आणि आपलं ते "काय बे", लाडकं असलं तरी कुठे चालतं आणि कुठे मार पडतो ते शिकवल्याशिवाय शिकवू नका, एका पोराने प्रोफेसरला "का बे" म्हटलं तर जबाबदारी तुमची.

ऑनलाइन ओळखीत कोणी आठवड्याभरात प्रेमात पडलं, किंवा "तुझ्यासाठी गिफ्ट पाठवलंय, कस्टममध्ये अडकलंय, पैसे भर" असा फोन आला, तर तो विद्यार्थी नाही, ती टोळी आहे. ब्लॉक करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, आणि सोलापुरात मार्शल लॉ लागला ते साल पण तेच, त्यामुळे आपल्याला तरी नंबर विसरायचं कारण नाही. अठराच्या खालची पोरं असतील तर कॉल बाहेरच्या खोलीत, घरात मोठं माणूस असताना, आणि घराचा पत्ता, शाळेचं नाव, युनिफॉर्ममधले फोटो काही पाठवायचं नाही.

ते परत गेल्यावर

कोर्स संपला, मित्र मायदेशी गेला, की पहिल्या दोन महिन्यात सगळं थंड पडतं. जायच्या आधीच ठरवा की बोलायचं कशावर. व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये चालत नाही, आणि त्यांचं वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, त्यामुळे तिकडच्यांचा ईमेल घेऊन ठेवा. जपानी लोक लाइन वापरतात, कोरियन काकाओटॉक, ते अ‍ॅप तुम्हीच टाकून घ्या, त्यांना आपल्यासाठी नवीन काही टाकायला लावू नका. नंबर बदलतात म्हणून त्यांच्या घरचा पत्ता पण लिहून घ्या, कागदावर, त्यांच्याच हाताने त्यांच्या लिपीत, म्हणजे पुढे पार्सल करायचं झालं तर तोच कागद झेरॉक्स करून चिकटवता येतो.